साडेपाच तासांचा फरक

पार्टिशन म्हणजे वाटणी, असं नायनांना सांगितलं
आणि जीभ चावली.
ते बशीतल्या चहाकडे बघत राहिले.

दत्तनगरातल्या आमच्या शेडमध्ये
मधोमध एक भिंत आहे, बिनगिलाव्याची,
सोळा मागांचे आठ-आठ झाले तेव्हाची.
पलीकडे चिन्नायना.
त्यांचे माग ऐकू येतात,
ते येत नाहीत.

तर हा संगणक.
टॉवेलची डिझाइनं काढायचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं,
त्याची किल्ली हरवली तर नवी द्यायला ती कंपनीच आता नाही.
बिलं, जीएसटी, विंडोज दहावर.
आणि स्पंदनाला प्रॅक्टिकलला हवंय लिनक्स.
नवा लॅपटॉप? सुताचा भाव उतरू दे, मग बघू.
म्हणजे नाही.

नवी पेठेतला इलियास म्हणाला, बाजी, हजार रुपये,
पण डेटा गेला तर मेरी जिम्मेदारी नहीं.
जबाबदारी आमचीच, मग हजार कशाला?
पेनड्राइव्ह घेतला तीनशेचा
आणि शनिवारी रात्री, माग बंद झाल्यावर,
मायलेकी बसलो.

स्क्रीनवर एक लांब पट्टी,
पाचशे जीबीची, धोतराच्या पानासारखी पसरलेली.
ह्याला किती, त्याला किती.
माझा हात माऊसवर थरथरला.
वाटणीपत्रात लिहून झालं होतं तेव्हा मी बारावीत होते:
पूर्वेचे आठ, पश्चिमेचे आठ,
बोअर सामाईक, बोळ सामाईक,
भांडण ज्याचं त्याचं. (हे मी घातलं.)

पट्टी सरकायला लागली. एक्केचाळीस टक्के.
तेवढ्यात गल्लीत ओरडा: नळ आले!
पाच दिवसांनी, रात्री सव्वादोनला.
टाकी, पिंप, घागरी, कढया, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा.
ओल्या हातांनी मध्येच येऊन बघायचं,
त्रेपन्न. त्रेपन्न. अजून त्रेपन्नच.
मार्कंडेया, पाणी जाऊ दे, लाइट नको जाऊ देऊ.

लाइट गेली नाही. पाणी गेलं.

पहाटे काळ्या पडद्यावर तीन ओळी उभ्या राहिल्या,
खाली उलटे आकडे: दहा, नऊ, आठ.
काही दाबलं नाही तर पहिली ओळ आपोआप चालू होते.
पहिली कोण, यावर स्पंदना आणि मी भांडलो,
ती तेलुगूत, मी मराठीत,
आणि बोटाला गरम चार्जर लागला तेव्हा
मी ‘अम्मा’ म्हणाले. तिनं नोंद घेतली.

नायना दात घासत येऊन उभे राहिले.
समजावलं: डबा एकच, चालवणारे तीन,
एका वेळी एकच.
म्हणाले, मग जकार्डच की.
माग तोच, पुठ्ठ्यांची माळ बदलायची.
मोराची काढली, कमळाची घातली.
यात रात्रभर जागायचं काय होतं?

एक खोड मात्र राहिली.
स्पंदना तिचं काम करून उठली
की माझ्या बाजूला घड्याळ साडेपाच तास मागे.
रात्री साडेनऊला म्हणतं, दुपारचे चार.
ती म्हणते, एक ओळ टाइप केली की सुटेल,
दोघांनाही खरी वेळच हवी असते,
फक्त एकजण लंडनची लिहून ठेवतो
आणि दुसऱ्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरा भाग मी मोकळा ठेवलाय,
तिघांनाही उघडता येईल असा.
नाव द्या म्हणाला. ‘बोळ’ लिहिलं.
त्यात काल एक फाइल टाकली,
चौकटीच्या काठाचं डिझाइन, चिन्नायनांनी काढलेलं,
वाटणीआधीचं, चुकून आमच्याकडे आलेलं.
पेनड्राइव्हवर घेतलंय.

पेनड्राइव्ह तीन दिवस पदराच्या गाठीत आहे.
भिंतीपलीकडे आठ माग चालू आहेत,
त्यातला एक धोटा अडखळतोय,
नायना ऐकतात, मान हलवतात,
उठत नाहीत.